घरच्या धंद्यात आपल्या घामाची किंमत धरा

एडवणच्या किनाऱ्यावर घरचा धंदा ही काही नवी गोष्ट नाही. बोंबील-जवळा सुकवायचा, पापड लाटायचे, मसाला कुटायचा आणि डोक्यावर टोपली घेऊन सफाळे स्थानक गाठायचे, हे या पट्ट्यातील कष्टकरी भगिनी पिढ्यान्‌पिढ्या करीत आल्या आहेत. बचत गट आले आणि या कामाला ‘लघुउद्योग’ असे भारदस्त नाव मिळाले. पण हिशेबाची रीत बदलली काय? आमचे उत्तर स्पष्ट आहे, ती बदललेली नाही.

एक साधे उदाहरण घेऊ. समजा, एका भगिनीने १००० रुपयांचे ओले बोंबील घेतले. पिशव्यांना व दोरीला १५० रुपये आणि गाडीभाड्याला १०० रुपये लागले. सुका माल १६०० रुपयांना गेला. ती म्हणते, ३५० रुपये सुटले. परंतु तिचे व तिच्या मुलीचे मिळून १२ तास त्यात गेले, म्हणजे तासाला ३० रुपयेसुद्धा पडले नाहीत. त्यातून ४०० रुपयांचा माल उधारीवर गेला असेल, तर खर्च झाले १२५० आणि हाती आले १२००. वहीत नफा दिसतो, पण पदरचे ५० रुपये गेलेले असतात! असे का होते? बाईच्या श्रमाला किंमत नसते, ही व्यवस्थेने दिलेली शिकवण आपण आपल्याच वहीत उतरवून घेतलेली असते म्हणून.

याच्या उलट उदाहरण मुंबईतलेच आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात महिलांनी ८० रुपये उसने घेऊन इमारतीच्या गच्चीवर पापड लाटले. पहिल्या दिवशी फक्त चार पाकिटे झाली. पहिल्या वर्षाची विक्री ६१९६ रुपये होती. पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून चार महिने काम बंद पडले. पुढच्या वर्षी त्यांनी खाटेवर पापड व खाटेखाली स्टोव्ह ठेवून ती अडचण सोडवली. हेच आजचे ‘लिज्जत’. तेथे भगिनी पीठ घरी नेते, पापड लाटून आणते, त्याची तपासणी होते आणि लाटणावळ तिच्या हाती पडते. आधी मजुरी, मग नफा, आणि दर्जा एकच. आमच्या मते ‘लिज्जत’चे यश जाहिरातीच्याही आधी या रीतीत आहे.

यावर कोणी म्हणेल, हिशेब चोख ठेवला तरी आमच्या हातचे लोणचे विकत घेणार कोण? हा प्रश्न खरा आहे. बाजाराला जात कळते. खुद्द बाबासाहेबांनी १९१७ साली परदेशातून परतल्यानंतर मुंबईत शेअर्सचा व्यवहार करणाऱ्यांना सल्ला देणारी पेढी काढली होती. सल्लागाराची जात कळताच गिऱ्हाईक तुटले आणि पेढी बंद पडली. पुढे १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ प्रसिद्ध करणाऱ्या अर्थतज्ज्ञाची ही गत, तर गावातल्या भगिनीची काय कथा! म्हणून आडनाव लपवणे हा उपाय नव्हे. एकटीची टोपली शेजाऱ्याच्या मर्जीवर चालते; दहा जणींनी एका नावाने, एका दर्जाने, वजन व तारीख छापून माल काढला तर गिऱ्हाईक पाकीट पाहते.

शिवाय गिऱ्हाईक फक्त गल्लीतच असते असे नाही. केंद्राच्या २०१२ च्या खरेदी धोरणात सरकारी खाती व कंपन्यांनी ४ टक्के खरेदी अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योजकांकडून करावी असे ठरले आहे. महिला उद्योजकांसाठी नंतर ३ टक्क्यांची भर पडली. तारापूरचे अणुवीज केंद्र केंद्र सरकारच्याच कंपनीचे आहे. या तरतुदीचा लाभ मागायचा तर उद्यम नोंदणी हवी, ती विनामूल्य आहे. खाद्यपदार्थांसाठी अन्नसुरक्षा नोंदणीही लागते. आरक्षण केवळ नोकरीतच शोधणाऱ्या आमच्या कार्यकर्त्यांनी या ४ टक्क्यांचा जाब कधी विचारला आहे काय?

आणि कर्ज? ‘मुद्रा’च्या शिशु गटात ५० हजारांपर्यंत तारणाशिवाय कर्ज मिळते. दारात येणारे आठवडी हप्त्याचे कर्ज तर त्याहून सोपे वाटते. पण तासाला ३० रुपयेही न देणारा धंदा कर्जाने दुप्पट केला, तर दुप्पट होतात फक्त कष्ट. हप्ता मात्र दर आठवड्याला दारात उभा राहतो. म्हणून आधी तीन महिने वही लिहा. घरखर्चाचा डबा वेगळा, धंद्याचा वेगळा. उधारी तारखेसह मांडा. आपली मजुरी खर्चात धरा. मग उरेल तो नफा, आणि त्या नफ्यातून हप्ता फिटत असेल तरच सही करा.

विहारा-विहारांतून आपण मुलांचे अभ्यासवर्ग चालवतो. तेथेच आठवड्यातून एक संध्याकाळ शिकलेल्या मुला-मुलींनी आयांच्या वह्या लिहायला बसावे. ‘शिका’ या आदेशात जमाखर्चही येतो, हे चळवळीने आता मनावर घेतले पाहिजे.