तिकिटाच्या रांगेतली जात

जात बघून तिकीट देणं हा व्यवहार आहे आणि त्याला नावं ठेवणारे पुस्तकी आहेत, असं जळगाव जिल्ह्यातल्या पाचोरा-भडगाव मतदारसंघातले झाडून सगळे पक्ष मानतात. कुठल्या गावात कुठल्या समाजाची किती मतं, याची वही प्रत्येक इच्छुकाच्या खिशात असते. मुंबईला मुलाखतीला जाताना कामाचा अहवाल एक वेळ घरी राहील, ही वही राहत नाही. स्वतःची बेरीज मांडून झाली की प्रतिस्पर्ध्याची वजाबाकी सुरू होते. त्याला अमका समाज चालवून घेणार नाही, तो मुळात आपल्यातला नाहीच, त्याचे सोयरे कोण ते जरा बघा.

हा व्यवहार खरा असेल तर इथल्या निकालांना तो लागू पडायला हवा. २०२४ ची विधानसभा घ्या. शिंदेंच्या शिवसेनेकडून किशोर पाटील आणि ठाकरेंच्या शिवसेनेकडून वैशाली सूर्यवंशी. एक माजी आमदार आर. ओ. पाटील ऊर्फ तात्यांचा पुतण्या, दुसरी तात्यांची मुलगी. घराणं एकच. तरी लोकांनी दोघांत निवड केलीच ना? मग ती कशावरून केली? त्याआधी २०१९ मध्ये युतीत जागा शिवसेनेला सुटली, भाजपचे अमोल शिंदे अपक्ष उभे राहिले आणि किशोर पाटील जेमतेम दोन हजार मतांच्या फरकानं वाचले. त्या मतांमागे समाजाचं गणित शोधणाऱ्यांनी आधी जागावाटपाकडे बघावं.

मतदानात जात नसते असं मी म्हणत नाही. असते, आणि लेवा की मराठा हा प्रश्न जळगाव-रावेरच्या उमेदवाऱ्या ठरताना किती वर्षं चघळला जातोय हे खानदेशात कोणाला सांगायला नको. माझं म्हणणं वेगळं आहे. मतपेटीत जातीचं जेवढं वजन असतं, त्याहून कितीतरी जास्त ते तिकीट वाटपाच्या खोलीत असतं. तिथं निर्णय घेणाऱ्या चार-दोन माणसांना भडगावचा पेठ भाग आणि गिरणाकाठची गावं ठाऊक नसतात. त्यांना एका वाक्यात कारण हवं असतं, आणि जातीइतकं आखूड कारण दुसरं नाही. ज्याच्याविरुद्ध ते सांगितलं जातं त्याला ते कळतही नाही. उत्तर कोणाला देणार आणि कसलं?

काहीजण म्हणतात, चिखलफेक होऊ द्या; घरच्यांचे घाव सोसेल तोच बाहेर टिकेल. यातलं अर्धं मला मान्य आहे. इच्छुकांनी एकमेकांवर जरूर तुटून पडावं. गिरणेवरच्या सात बलून बंधाऱ्यांचं घोंगडं इतकी वर्षं भिजत का पडलं, तेव्हा तू कोणत्या पदावर होतास, कापसाच्या भावावर तोंड का उघडलं नाहीस, हे विचारणं नकारात्मक असेल तर असू द्या. त्याला उत्तर देता येतं. जन्माला काय उत्तर द्यायचं?

त्यासाठी कायदा आहे की, असं वकील मंडळी सांगतात. आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ नुसार जातीधर्माच्या नावावर मत मागणं हा भ्रष्ट मार्ग ठरतो. १९८७ च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीतल्या भाषणांपायी डॉ. रमेश प्रभूंची आमदारकी गेली आणि बाळासाहेब ठाकऱ्यांचा मताधिकार सहा वर्षं गेला. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी, चार विरुद्ध तीन अशा बहुमतानं, मतदाराच्या जातीधर्माच्या नावानं केलेलं आवाहनही या कलमात आणलं. पण हे कलम उमेदवारासाठी आहे. उमेदवारी अर्ज दाखल होईपर्यंत इच्छुक हा कायद्याच्या लेखी कोणीच नसतो, आणि खरं विष तर तोवर पेरून झालेलं असतं.

म्हणून माझी मागणी अशी की तिकीट पक्षाच्या नोंदणीकृत सभासदांनी मतदानानं ठरवावं आणि इच्छुकांनी त्यांच्यासमोर उघड बोलावं. यावर लगेच अमेरिका दाखवली जाते. तिथं पक्षांतर्गत निवडणुका होतात आणि वंशद्वेषही मोकाट सुटतो. खरं आहे. २००० साली साउथ कॅरोलिनात जॉन मॅकेन यांना काळं अनौरस मूल असल्याची कुजबुज पसरवली गेली. मूल होतं ती बांगलादेशातून दत्तक घेतलेली मुलगी. मॅकेन तिथं हरले. पण आठच वर्षांनी, बराक ओबामांवर त्यांचे पाद्री राइट यांच्या प्रवचनांवरून गदारोळ उठला तेव्हा त्यांनी फिलाडेल्फियात उभं राहून वंशाच्याच विषयावर भाषण केलं आणि पक्षाची उमेदवारीही मिळवली. उघड लढतीत विष उतरतंच असं नाही, पण उतरवायला जागा तरी मिळते. मुंबईतल्या बंद खोलीत ओबामा कोणाला भाषण ऐकवणार होते?

आपल्याकडेही हा प्रयोग झाला आहे. २०१४ च्या लोकसभेला काँग्रेसनं वर्धा आणि लातूरचे उमेदवार कार्यकर्त्यांच्या मतदानानं ठरवले. वर्ध्यात विद्यमान खासदार दत्ता मेघे यांचे चिरंजीव सागर मेघे जिंकले आणि पुढे भाजपच्या रामदास तडसांकडून पडले. प्रयोगाला हसायला एवढं पुरलं. घराणेशाही गेली नाही हे कबूल, आणि सभासद विकत घेता येतात हेही कबूल. तरी मेघेंच्या प्रतिस्पर्धी चारुलता टोकस यांची उमेदवारी हुकली ती मोजलेल्या मतांनी. उलट जळगावात २०१९ च्या लोकसभेला भाजपनं आधी स्मिता वाघ यांचं नाव जाहीर केलं, मग ते काढून तिकीट उन्मेष पाटलांना दिलं, आणि अमळनेरच्या मेळाव्यात मंत्री गिरीश महाजनांच्या देखत माजी आमदार बी. एस. पाटलांना व्यासपीठावरच मारहाण झाली. पाच वर्षांनी उन्मेष पाटलांचं तिकीट कापून ते पुन्हा स्मिता वाघांना मिळालं. दोन्ही वेळा जिल्ह्यातल्या सभासदांचं मतदान झालं नव्हतं.