पक्षनिष्ठा मोठी की लोकांचा विश्वास? १९५६ मधील दोन उत्तरे

मुंबई केंद्रशासित ठेवण्याची घोषणा पंडित नेहरूंनी जानेवारी १९५६ मध्ये केली. कुलाब्याचे खासदार आणि केंद्रीय अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी मंत्रिपद सोडले. त्यांचा आक्षेप केवळ मुंबईपुरता नव्हता. एवढा मोठा निर्णय मंत्रिमंडळाला विश्वासात न घेता जाहीर झाला, असे त्यांनी लोकसभेत सुनावले. नेहरूंना ते मान्य नव्हते.

यशवंतराव चव्हाणांनी उलट वाट धरली. संयुक्त महाराष्ट्राहून नेहरूंचे नेतृत्व मोठे मानल्याबद्दल त्यांची प्रचंड निर्भर्त्सना झाली. १९५७ च्या निवडणुकीत समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची दाणादाण उडवली. चव्हाणांनी कऱ्हाड जेमतेम राखले.

१ मे १९६० रोजी राज्य मिळाले, ते चव्हाणांच्या निष्ठेचे फळ असे पुष्कळदा सांगितले जाते. हे अर्धसत्य आहे. दिल्लीत त्यांच्या शब्दाला वजन आले, ते त्यांच्याच पक्षाला मतदारांनी झिडकारल्यामुळे!

त्याच मतदारांनी १९६२ मध्ये काँग्रेसला २६४ पैकी २१५ जागा दिल्या. देशमुख १९६९ मध्ये राष्ट्रपतिपदासाठी उभे राहिले, तेव्हा तिसरे आले.