घरचाही रोजमेळ

उरणच्या बाजारपेठेतील एखाद्या व्यापारी घराचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. दुकानाचे शटर ओढण्यापूर्वी गल्ला मोजला जातो, रोजमेळ पैशापैशाला जुळतो. त्याच घरातील सुनेच्या हाती महिन्याच्या आरंभी घरखर्चाची रक्कम येते आणि पंधरवडा उलटण्याआधी संपते. विजेचे बिल खणात पडून राहते, त्यावर विलंब आकार चढतो. आणलेली भाजी विसरून सुकते. ती दर पाडव्याला नवी वही घेते. दहा पाने भरतात, पुढची कोरी राहतात. "व्यापाऱ्याच्या घरात येऊनही हिशेब अंगी लागला नाही," असे बोल ऐकून ती हळूहळू बिले लपवू लागते. मग पैशाबरोबर विश्वासही खर्ची पडतो.

अशा वागण्यामागे कधी कधी एडीएचडी, म्हणजे अवधान टिकवण्याची व मनाला आवर घालण्याची जन्मजात अडचण असते. ती केवळ मुलांचीच असते हा गैरसमज आहे. अनेकांच्या बाबतीत ती प्रौढपणीही टिकते. अर्थात प्रत्येक उधळ्या हातामागे ती नसते. लक्षणे वयाच्या बाराव्या वर्षापूर्वीपासून असावी लागतात आणि निदान मानसोपचारतज्ज्ञानेच करावयाचे असते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कले यांच्या मते ही मुळात स्वनियमनाची अडचण आहे. काय करावे हे त्या व्यक्तीला ठाऊक असते. ते योग्य क्षणी हातून घडत नाही. म्हणून आठवण मनावर न सोपवता, जेथे काम करावयाचे तेथेच ती डोळ्यांसमोर असावी लागते.

दुकानाचा रोजमेळ याच तत्त्वावर चालतो. वेळ ठरलेली, गल्ला समोर, पडताळायला दुसरा माणूस. घरखर्चाचा हिशेब मात्र एकाच व्यक्तीच्या स्मरणशक्तीवर महिनाभर टांगलेला असतो.

तेव्हा प्रथम महिना लहान करावा. घरखर्चाचे २०,००० रुपये असतील तर दर सोमवारी ४,५०० रुपयेच हाती यावेत. उरलेले २,००० रुपये महिन्याच्या शेवटच्या दिवसांसाठी राखावेत. वीज, शाळा, विमा यांचे हप्ते वेगळ्या खात्यातून आपोआप भरले जावेत.

दुसरी गोष्ट विलंबाची. मुंबईहून काही आणावयाचे तर उरणकर पूर्वी मोरा बंदरातून लाँचने भाऊच्या धक्क्यावर जात. भरती-ओहोटी पाहावी लागे, यादी करावी लागे. तेवढ्यात निम्म्या इच्छा ओसरत. जानेवारी २०२४ मध्ये उरणपर्यंत लोकल आली आणि मोबाइलवरील खरेदीला तर घराचा उंबराही ओलांडावा लागत नाही. हरवलेले ते अंतर मुद्दाम निर्माण करावे. खरेदीच्या ॲपमधील साठवलेले कार्ड काढून टाकावे, हवी असलेली वस्तू स्वयंपाकघरातील फळ्यावर लिहावी आणि एक रात्र जाऊ द्यावी.

तिसरी गोष्ट सोबतीची. सायंकाळी दहा मिनिटे पती-पत्नीने एकत्र बसून तीनच नोंदी कराव्यात: आज किती गेले, किती उरले, कोणते बिल जवळ आले. दिवस चुकले तर मागचे भरत बसू नये. हाती असलेली रक्कम मोजावी; तीच आरंभीची शिल्लक. ही बैठक न्यायनिवाड्याची नसावी.

परिग्रह-परिमाणाची मर्यादा मोहाच्या क्षणापूर्वीच ठरवली जाते, हे जैन घरांना नव्याने सांगावयाला नको. खर्चाची मर्यादाही तशीच आधी ठरवावी. मात्र ती चुकली म्हणून व्रताच्या नावाने कोणाला टोचू नये. उपचारांनी पुष्कळांना लाभ होतो. पहिली विचारपूस शासनाच्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य करता येते.

सून खणातले बिल स्वतःहून बाहेर काढून सासूबाईंसमोर ठेवील आणि कोणी आवाज चढवणार नाही, त्या सायंकाळी त्या घराचा रोजमेळ जुळू लागला असे समजावे.