आधी पडायला शिकवा

जर्मनीत आखेनला शिकायला गेले तेव्हा मी २३ वर्षांची होते आणि शाळेतली लंगडी सोडली तर कोणताही खेळ खेळले नव्हते. विद्यापीठाच्या क्रीडावर्गांच्या यादीत ज्युदोपुढे ‘आंफेंगर’ असं लिहिलेलं दिसलं. आंफेंगर म्हणजे नवशिके. निवड चाचणी नाही, अनुभवाची अट नाही, सत्राचं शुल्क विद्यार्थ्याला परवडेल एवढं. मी नाव घातलं.

पहिल्या संध्याकाळी मॅटच्या कडेला चपला काढल्या. शिकवणाऱ्या बाईंनी सगळ्यांची नखं पाहिली, मग माझ्या नाकाकडे बोट दाखवलं. आजीने दिलेली चमकी काढून मी चष्म्याच्या डबीत ठेवली.

पहिले तीन आठवडे आम्ही फक्त पडलो. जर्मनमध्ये याला शब्दच आहे, ‘फालशूले’, पडण्याची शाळा. उकिडवं बसायचं, हनुवटी छातीला लावायची, नजर पट्ट्याच्या गाठीवर ठेवायची आणि पाठ गोल करून मागे लोळायचं. पाठ टेकते त्याच क्षणी दोन्ही हात मॅटवर सपकन आपटायचे, म्हणजे धक्का एका जागी न बसता पसरतो. मागे हात टेकवून सावरायला गेलं की मनगट जातं. आणि अंगाला नेमकं तेच करायचं असतं! माझा उजवा हात कितीतरी दिवस ऐकेना. लाल तळवे घेऊन मी घरी यायचे. मग एका संध्याकाळी डोकं मॅटला न लागता पडले आणि उठल्याबरोबर पुन्हा पडावंसं वाटलं.

त्यानंतर शिकवलं थोपटणं. जोडीदाराने दाबून धरलं आणि सहन होईना, तर त्याच्या अंगावर किंवा मॅटवर दोनदा थोपटायचं. तो त्या क्षणी सोडतो, कारण विचारत नाही. माझा जोडीदार माझ्याहून चांगलाच वजनदार मुलगा होता. पहिल्यांदा थोपटलं तेव्हा तो सोडेल यावर माझा विश्वास नव्हता. त्याने सोडलं. पुढच्या फेरीत त्याने थोपटलं आणि मी सोडलं.

कॉलेजात असताना आम्हा मुलींसाठी तीन दिवसांचं स्वसंरक्षण शिबिर झालं होतं. फरसबंद अंगणात रांगेत उभं राहून हवेत लाथा मारल्या, डोळ्यांत बोटं कशी घालायची ते पाहिलं, शेवटी प्रमाणपत्र मिळालं. मुलांना त्या तीन दिवसांत सुट्टी होती. मी त्या शिबिरातून भीती घेऊन बाहेर पडले. कोणाच्या अंगाचं वजन पेलायला शिकले नाही, आणि समोरच्याने थांब म्हटल्यावर थांबायला तर तिथे कोणीच शिकलं नाही.

ज्युदोचे जनक जिगोरो कानो अंगाने किरकोळ होते. शाळेत दांडगी मुलं छळायची, म्हणून ते जुजुत्सूकडे वळले. १८८२ मध्ये तोक्योतल्या एका देवळात, बारा तातामींवर त्यांनी कोदोकान सुरू केलं. पुढे अनेक वर्षं त्यांनी शिक्षक म्हणूनही काम केलं. दुबळ्याला आत घेणं हे या विद्येच्या मुळातच आहे.

आणि मी तर कोल्हापूरची. माझे आजोबा तालमीत घडलेले. हळद, ताक, तेल, लिंबू घातलेल्या तांबड्या मातीचा वास त्यांच्या कपड्यांना यायचा. मी मात्र तालमीच्या दाराबाहेर त्यांची वाट पाहत उभी राहायचे. आखेनमध्ये बाईंनी खांद्यावरून फेकण्याचा डाव दाखवला, तेव्हा मनात म्हटलं, हा तर आपला धोबीपछाड. आपल्याच गावची विद्या मला इतक्या लांब जाऊन शिकावी लागली, याचं मला दुःख आहे. २०२३ मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली, त्याचा आनंद मोठा. पण माझं म्हणणं त्या मैदानापर्यंत कधीच न पोचणाऱ्या मुलामुलींसाठी आहे. आपला जिमखाना ढाल आणणारा खेळाडू शोधतो. जी कधी खेळलीच नाही तिला तिथे बोलवायचं कोणाला सुचत नाही. मी पाहिलेल्या कॉलेजांत कबड्डीच्या मॅट स्पर्धेपर्यंत गुंडाळून कोपऱ्यात उभ्या असतात. त्या आठवड्यातून दोन संध्याकाळी अंथरा. मुलगे आणि मुली, दोघांनाही बोलवा. शिबिर नको, पूर्ण सत्र द्या आणि पहिला महिना फक्त पडायला शिकवा.

उन्हाळ्यात घरी आले तेव्हा आजोबांनी विचारलं, “काय शिकलीस गं तिकडं?” मी सोप्यात दोन गाद्या अंथरल्या आणि मागे पडून दाखवलं. ते खुर्चीतून पुढे वाकून बघत होते.

“मान आत घेतलीस, बरं केलंस,” म्हणाले. “आता डाव्या अंगावर पड बघू.”