निष्काळजी कोण?

मेलेल्या माणसाच्या माथी त्याच्याच मृत्यूचा दोष मारणे, यासारखा स्वस्त न्याय दुसरा नाही. मृत काही उलटतपासणी घेण्यास उभा राहत नाही, आणि जिवंत राहिलेल्यांची मात्र सोय होते.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसांहून अधिक शेतकरी व शेतमजूर विषबाधेने मरण पावले. शेकडोंना इस्पितळात न्यावे लागले. सरकारने चौकशीसाठी विशेष पथक नेमले, आणि पथकाने मुख्य ठपका ठेवला तो फवारणाऱ्यांवरच. त्यांनी स्वसंरक्षणाची काळजी घेतली नाही, असे ठरले. हा ठपका आम्हांस मान्य नाही.

कायद्याच्या दृष्टीने निष्काळजी कोण? ज्यास धोका ठाऊक आहे, तो टाळण्याचे साधन ज्याच्या हाती आहे, आणि तरीही जो तो टाळीत नाही, तो. ही कसोटी त्या मजुरास लावून पाहू.

धोका त्यास ठाऊक असावा कसा? खेड्यात या पदार्थास कोणी विष म्हणत नाही. शेतकरी 'औषध' म्हणून घेतो, दुकानदार 'औषध' म्हणूनच विकतो. बाटलीवर विषारीपणाच्या उतरत्या क्रमाने लाल, पिवळा, निळा वा हिरवा त्रिकोण असतो. हिरवा त्रिकोणही विषाचाच आहे, हे त्यास कोणी समजावून सांगितले? माहितीपत्रक असते, परंतु पाठीवर पंप घेणारा पुष्कळदा दुसऱ्याच्या शेतात रोजाने राबणारा असतो. बाटली त्याने विकत घेतलेली नसते आणि पत्रक त्याच्या दृष्टीसही पडत नाही.

साधनाचेही तसेच. त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्याशी लागली होती. फवारा पिकावर पडे तसा तोंडावरही येई. ऑर्गॅनोफॉस्फरस जातीची विषे केवळ श्वासावाटे नव्हे, तर कातडीतूनही शरीरात शिरतात. मज्जातंतूंचे संदेश वेळीच शमविणारे एंझाइम ती निकामी करतात. डोळ्यांच्या बाहुल्या आकसतात, घाम व लाळ सुटते, अखेर श्वास अडतो. तोंडाला बांधलेल्या फडक्याने हे टळत नाही. भर उकाड्यात नखशिखान्त रबरी पोशाख चढवून दिवसभर राबण्याचा उपदेश करणाऱ्यांनी तो एक तासभर स्वतः घालून पाहावा.

आता कायद्याकडे वळू. १९५८ साली केरळात पॅराथिऑन हे कीटकनाशक धान्याच्या पिठात मिसळले जाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. त्या अनर्थातून पुढे १९६८ चा कीटकनाशक अधिनियम जन्मास आला. त्याचे अडतिसावे कलम वाचकांनी अवश्य वाचावे. स्वतःच्या कसणुकीतील जमिनीवर केलेल्या कीटकनाशकाच्या वापरास हा कायदा लागूच नाही! कारखान्यापासून दुकानापर्यंत विषाची पाठराखण करीत आलेला कायदा शेताच्या बांधाशी येऊन थांबतो. सव्विसाव्या कलमान्वये विषबाधेची प्रत्येक घटना कळविणे राज्य सरकारास बंधनकारक करता येते. 'करता येते', 'केलेच पाहिजे' नव्हे. सत्ताविसाव्या कलमाने राज्यास घातक औषधाची विक्री थांबविता येते, पण ती साठ दिवस, आणि मुदत वाढवून फार तर नव्वद. नव्वद दिवसांत हंगाम सरतो, विष तेवढे उरते.

यावर प्रतिपक्षाचे म्हणणे असे की, फवारणी थांबविली तर बोंडअळी पीक खाईल आणि शेतकरी तसाही मरेल. हा युक्तिवाद आम्ही हसण्यावारी नेत नाही. परंतु आम्ही फवारणी थांबवा म्हणत नाही; सर्वांत जहाल विषे बाजारातून काढा म्हणतो. २०१३ साली बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतील मध्यान्ह भोजनातून मोनोक्रोटोफॉस पोटात जाऊन २३ बालके दगावली. ती मुले निष्काळजी होती काय? तरीही त्या विषाच्या सर्वांत प्रचलित द्रावणावर बंदीचा आदेश निघावयास २०२३ साल उजाडले. शिवाय फवारा फवारणाऱ्याच्या अंगावरच थांबत नाही. तो मातीत मुरतो, नाल्यात उतरतो आणि मधमाशीस मारतो.

हा प्रश्न एकट्या विदर्भाचा नव्हे. निमाड, गुजरात, तेलंगण, जेथे म्हणून कपाशी आहे तेथे हाच पंप कोणाच्या तरी पाठीवर आहे. आणि त्या सर्व मुलखांत आपली माणसे नांदत आहेत. जुन्या कायद्याच्या जागी नवा आणण्यासाठी २०२० साली राज्यसभेत विधेयक मांडले गेले. नवा कायदा कोणताही होवो, त्याने तीन गोष्टी केल्याच पाहिजेत: विषबाधेची नोंद सक्तीची करावी, मजुराच्या संरक्षणाची जबाबदारी विष बनविणाऱ्यावर व मजूर लावणाऱ्यावर टाकावी, आणि नुकसानभरपाई मागणाऱ्या विधवेवर पतीची सावधगिरी सिद्ध करण्याचे ओझे लादू नये.

तोवर 'निष्काळजी' हा शब्द मृतांसाठी वापरण्याचा अधिकार कोणासही नाही. तो ज्यांचा आहे, ते सर्व हयात आहेत.