चूल शाळेतच हवी

कुंभकोणमला जाणारा मराठी माणूस महामहम तलाव बघतो, कुंभेश्वराच्या देवळात जातो, पितळी पेल्यातून डिग्री कॉफी पितो आणि तंजावरच्या गाडीत बसतो. आनैयडी शाळा त्याच्या यादीत नसते. असायला हवी. वडील वारल्यावर सिलोनमधून आईबरोबर या गावात आलेला एक मुलगा त्या शाळेत जेमतेम तिसरीपर्यंत शिकला. घरात खायची पंचाईत होती, म्हणून आईने त्याला आणि थोरल्या भावाला नाटक कंपनीत धाडलं. तिथे निदान पोटाला मिळणार होतं. तो मुलगा म्हणजे एम. जी. रामचंद्रन. पुढे तमिळ सिनेमाचा देव झाला आणि 1977 मध्ये मुख्यमंत्री.

1 जुलै 1982 रोजी त्यांनी पौष्टिक आहार योजना सुरू केली, तेव्हा हा पैसा येणार कुठून, असं विचारणारे खूप होते. लहानपणी जी उपासमार भोगली तिच्यातूनच ही योजना आली, असं एमजीआर उघडपणे सांगत. तसं शाळेत पोरांना जेवू घालणं तामिळनाडूत नवं नव्हतं. मद्रास महापालिकेने 1920 मध्येच एका शाळेत सुरुवात केली होती आणि मुख्यमंत्री कामराजांनी 1956 मध्ये त्याची राज्यभराची योजना केली. एमजीआरनी त्यात मोलाची भर घातली ती अशी, की ठिकठिकाणी स्वयंपाकघर उभं केलं आणि त्यात नेमलेली, नावानिशी जबाबदार माणसं बसवली. एक संघटक, एक स्वयंपाकी, एक मदतनीस. सरकारी पदं. भरती करताना विधवा आणि निराधार बायकांना प्राधान्य.

याच कुंभकोणममध्ये 16 जुलै 2004 रोजी, शुक्रवारी सकाळी, एका शाळेच्या स्वयंपाकघरात दुपारचं जेवण रांधलं जात होतं. अरुंद इमारत, तिच्यात एकाच मालकाच्या तीन शाळा कोंबलेल्या, वर झावळ्यांचं छप्पर. चुलीच्या आगीने छप्पर धरलं आणि ते पेटतं छप्पर वर्गावर कोसळलं. 94 मुलं गेली. बहुतेक दहा वर्षांच्या आतली.

या आगीबद्दल लिहिताना हात थांबतो, पण शाळेतल्या जेवणाबद्दल बोलायचं आणि कुंभकोणम टाळायचं हे शक्य नाही. चौकशीला न्यायमूर्ती संपत यांचा आयोग बसला. राज्यभरच्या शाळांवरची गवती, झावळ्यांची छपरं उतरवली गेली. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अविनाश मेहरोत्रा खटल्यात सुरक्षित शाळा हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग ठरवला. त्या याचिकेच्या मुळाशी हीच आग होती. 30 जुलै 2014 रोजी तंजावरच्या न्यायालयाने दहा जणांना दोषी ठरवलं. संस्थाचालक होते, शिक्षण खात्यातली माणसं होती, आणि त्याच यादीत जेवणाची संघटक आणि स्वयंपाकीण याही होत्या. अकरा जण सुटले. ती इमारत, तो जिना, ते छप्पर यांतलं काहीही स्वयंपाकिणीने ठरवलेलं नव्हतं. तिला दिलेल्या जागेत तिने चूल पेटवली. कायद्याने जे ठरवायचं ते ठरवलं, पण मला ती यादी वाचताना आजही अस्वस्थ व्हायला होतं.

बरोबर नऊ वर्षांनी, म्हणजे 16 जुलै 2013 रोजी, बिहारच्या सारण जिल्ह्यात गंडामण गावी शाळेतलं जेवण जेवून 23 मुलं दगावली. तेलात कीटकनाशक होतं. तारीख तीच असणं हा निव्वळ योगायोग. पण दोन्ही ठिकाणी शाळेत जेवण रांधणं हा दोष नव्हता. एकीकडे चुलीवरचं छप्पर वाईट होतं, दुसरीकडे सामान ठेवायची धड जागा नव्हती.

अशा घटनांनंतर एक सूर हमखास निघतो: शाळेत रांधूच नका, एका मोठ्या केंद्रीय स्वयंपाकघरात यंत्रावर शिजवा आणि टेम्पोने पाठवा. ऐकायला बरं वाटतं. मुंबई-पुण्यात जिथे शाळेला खेळायला अंगण नाही तिथे दुसरा इलाजही नसेल. पण पहाटे शिजून, डब्यात कोंबून, दोन-तीन तास प्रवास करून आलेल्या खिचडीचा जो गोळा होतो, तो पोरं कशी खातात हे उभं राहून बघावं. पालेभाजी तर त्या प्रवासात टिकतच नाही, म्हणून ती हळूहळू पानातून जातेच. आणि मीठ जास्त झालं तर सांगायचं कुणाला? टेम्पोच्या ड्रायव्हरला?

तंजावरहून कुंभकोणमकडे जाताना रस्त्याकडेच्या एका सरकारी शाळेत मी जानेवारीत थोडा वेळ काढला होता. सांबा भाताची कापणी चालू होती, रस्त्यावरच भात वाळत घातलेला, आणि वाहनं त्याला वळसा घालून जात होती. स्वयंपाकघर म्हणजे स्लॅबची एक खोली, वर्गांपासून हात राखून बांधलेली, दोन दारं, दोन मोठ्या शेगड्या, गॅसचं सिलिंडर भिंतीच्या बाहेर. दाराजवळच्या फळ्यावर खडूने त्या दिवशीची हजेरी लिहिलेली. दहाच्या सुमाराला वर्गावर्गातून आकडा येतो आणि मगच तांदूळ मापला जातो. बाईंनी एका पातेल्यात भात वेळून पेज काढली, दुसऱ्यात तुरीच्या डाळीचं सांबार. त्यात लाल भोपळा, वांगं आणि शेवग्याच्या शेंगा, बोटाएवढ्या एकसारख्या कापलेल्या. हात धुवायच्या नळाचं पाणी एका चरातून कढीपत्त्याच्या झाडाला जात होतं, त्याच्या पलीकडे शेवगा. फोडणीच्या आधी मदतनीस बाई बाहेर गेल्या आणि डहाळी मोडून आणली. टोपलीत सोललेली अंडी. मुख्याध्यापकांनी आधी दोन घास खाल्ले, वहीत सही केली, मग घंटा झाली.

अंड्याचा इतिहासही मजेशीर आहे. करुणानिधींच्या सरकारने 1989 मध्ये ते पंधरवड्यातून एकदा द्यायला सुरुवात केली आणि 2010 पासून शाळेच्या पाचही दिवशी ते पानात आलं. अंडं न खाणाऱ्याला केळं. 2013 मध्ये जयललितांच्या काळात पदार्थ बदलते ठेवण्याचं ठरलं: पहिल्या-तिसऱ्या आठवड्याला एक यादी, दुसऱ्या-चौथ्याला दुसरी. 2022 पासून स्टालिन सरकारने प्राथमिक शाळांत सकाळची न्याहारीही आणली. उपमा, रव्याची खिचडी, पोंगल, सोबत सांबार. द्रमुक आणि अण्णाद्रमुक यांचं एकमेकांच्या कुठल्याच गोष्टीबद्दल एकमत नसतं. पण शाळेतल्या पानातून काही काढून घ्यायची हिंमत दोघांपैकी कुणी करत नाही, प्रत्येक जण एक पदार्थ वाढवतो. आपल्या राजकारणाकडून मला एवढीच स्पर्धा हवी आहे.

न्याहारीच्या योजनेत एक नियम फार शहाणा आहे. रांधायचं काम बचत गटातल्या ज्या बाईकडे द्यायचं, तिचं मूल त्याच शाळेत शिकत असलं पाहिजे. तपासणी अधिकारी महिन्यातून एकदा येईल की नाही सांगता येत नाही. पंक्तीत बसलेलं स्वतःचं लेकरू रोज असतं.

हे झालं रांधण्याचं. तांदूळ कुठून येतो? कावेरीच्या या खोऱ्यात सरकारच्या नागरी पुरवठा महामंडळाची थेट खरेदी केंद्रं आहेत. कुरुवै आणि सांबा या हंगामांचं भात तिथे शेतकऱ्याकडून घेतलं जातं, गिरणीतून निघून रेशन दुकानात आणि शाळेच्या जेवणात जातं. मेट्टूर धरणातून साधारण 12 जूनला पाणी सुटतं की नाही, याच्यावर इथल्या शेतकऱ्याचं वर्ष ठरतं, आणि त्याच्या मालाला शाळा हे एक हक्काचं गिऱ्हाईक आहे. ‘शेतातून शाळेत’ असं मोठं नाव कुणी दिलेलं नाही, पण ते चाळीस वर्षं चालू आहे. भाजीची गोष्ट मात्र वेगळी. तांदूळ, डाळ, तेल गोदामातून येतं. भाजी, मसाला आणि इंधन यांसाठी दर मुलामागे ठरावीक पैसे मिळतात आणि त्यात संघटक बाजारातून आणतात. टोमॅटो महागला की सांबार पातळ होतं. म्हणून आवारातला शेवगा आणि कढीपत्ता ही शोभेची झाडं नाहीत.

तंजावरच्या मराठ्यांचा उल्लेख इथे केल्याशिवाय राहवत नाही, आणि तो अभिमान मिरवायला नव्हे. सरफोजी राजांनी 1801 मध्ये इंग्रज रेसिडेंटला पत्र लिहून विनवलं होतं, की राज्य गेलं ते गेलं, पण आमची छत्रं, म्हणजे वाटसरूंसाठीच्या धर्मशाळा, आमच्याकडे राहू द्या. त्या पत्रात छत्रांत काय चालतं याचं वर्णन आहे. वाटसरूंना अन्न तर होतंच. शिवाय छत्रात पंतोजी असत, आणि अनाथ मुलांना त्यांच्या हाती सोपवून दिवसातून तीनदा जेवण, दर चौथ्या दिवशी अंगाला तेल, आजारी पडलं तर औषध, अंगावर कपडा. अंगाला तेल! राजाच्या कारभारात एवढा बारकावा कुणीतरी लिहून ठेवला होता. सत्ता हातची गेल्यावर राजाने काय मागून घेतलं, तर हे.

आणि आपल्याकडे कर्मवीर भाऊराव पाटील. साताऱ्याच्या 1924 च्या बोर्डिंगात सगळ्या जातींची पोरं एका पंक्तीत जेवत होती. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पोरांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही मोडलं. गावोगावच्या बायांनी दळणातलं मूठभर धान्य बाजूला काढून वसतिगृहांना दिलं, पोरांनी शेतात राबून शिक्षण घेतलं. शेत, चूल आणि शाळा यांचं नातं आपल्याला तामिळनाडूकडून शिकायचं कारण नव्हतं.

पण आज शिकावं लागतंय. प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण योजनेच्या निकषांप्रमाणे पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज 100 ग्रॅम तांदूळ, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी आणि 5 ग्रॅम तेल. तांदूळ केंद्राचा. बाकी सगळ्यासाठी मे 2025 पासून दर मुलामागे 6 रुपये 78 पैसे. ऐंशी पोरांच्या शाळेचा हिशेब मांडा. रोजचे 542 रुपये, त्यात 1 किलो 600 ग्रॅम डाळ, 4 किलो भाजी, 400 ग्रॅम तेल, मीठमसाला आणि गॅस. बाजारात पिशवी घेऊन जाणाऱ्या कुणालाही हे गणित सुटत नाही, पण आपल्या मदतनीस ताई ते रोज सोडवतात. त्यांना महिन्याला मिळतात 2,500 रुपये. मानधन म्हणतात त्याला. तामिळनाडूच्या दुपारच्या स्वयंपाकिणीला निदान विशेष वेतनश्रेणी आहे आणि निवृत्तीनंतर थोडं पेन्शन आहे. तेही फार नाही, त्यांचेही मोर्चे निघतात. पण नोकरी आहे.

जून 2024 मध्ये आपल्या शिक्षण खात्याने पाककृतींची छान यादी काढली. मोड आलेल्या मटकीची उसळ, मूग-शेवगा वरण-भात, नाचणी सत्त्व, अंडा पुलाव. वाचूनच भूक लागावी. जानेवारी 2025 मध्ये अंड्याचा आणि गोडाचा जादा निधी बंद झाला आणि शाळांनी ते लोकवर्गणीतून करावं असं सांगितलं गेलं. तिकडे अंडं टप्प्याटप्प्याने वाढवत नेलं, इकडे आपण वर्षभर चाखलं आणि वर्गणीवर सोडून दिलं. मला हे लाजिरवाणं वाटतं.

सरकारशी भांडायचं ते भांडूच. तोवर एक करता येईल. योजनेत स्नेहभोजनाची सोय आहे: वाढदिवस, पुण्यतिथी, घरभरणी अशा निमित्ताने कुणीही शाळेला जेवण देऊ शकतो. बहुतेक लोक जिलबी आणि केक देतात. तुमच्या मळ्यात भोपळा, शेवगा, मेथी, पपई पिकत असेल, तर पोराच्या वाढदिवसाला ते पोतं शाळेच्या स्वयंपाकघरात उतरवा. कोंबड्या असतील तर अंड्यांचा ट्रे. पालक असाल तर शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीला जा. आणि कधीतरी साडेदहाला, स्वयंपाक चालू असताना, आत डोकावा. चुलीच्या वर छप्पर कशाचं आहे, वर्ग किती हातांवर आहे, सिलिंडर आत आहे की बाहेर, फवारणीचे डबे धान्याजवळ तर नाहीत, एवढं बघा. जे खटकेल ते बैठकीच्या इतिवृत्तात लिहून घ्या, आणि मदतनीस ताईंना त्यांचे पैसे शेवटचे कधी मिळाले, हेही विचारा.