'परवानगी नाही' म्हणजे डिस्क गेली असे नव्हे!



शाळेच्या ऑफिसातला जुना डेस्कटॉप कधी ना कधी बसतोच. मग कोणीतरी नवीन हार्ड डिस्क टाकून त्यावर विंडोज भरून देतो आणि जुनी डिस्क सोबत जोडून ठेवतो. आपण जुने 'माय डॉक्युमेंट्स' उघडायला जातो, तर समोर पाटी: हे फोल्डर उघडण्याची तुम्हाला परवानगी नाही. आत दहा वर्षांची निकालपत्रके! लगेच कोणीतरी म्हणतो, "सर, डिस्क गेली, फॉरमॅट मारा."

थांबा. डिस्क बिघडून जाते त्यापेक्षा जास्त माहिती या घाईने जाते, असे माझे स्पष्ट मत आहे.

ही पाटी का येते ते समजून घेऊ. एनटीएफएस पद्धतीच्या डिस्कवर प्रत्येक फोल्डरसोबत त्याचा मालक कोण आणि कोणाला परवानगी आहे याची नोंद असते. पण ती नोंद नावाने नसते, क्रमांकाने असते. आपल्या जनरल रजिस्टरसारखेच बघा ना! एकाच नावाची दोन मुले असली तरी रजिस्टर नंबर वेगळा. जुन्या विंडोजवर खात्याचे नाव 'ऑफिस' होते, नव्यावरही तुम्ही 'ऑफिस'च ठेवले, तरी क्रमांक बदलला. संगणकाच्या लेखी तुम्ही परके. म्हणजे तो आपले काम चोख करतोय, आपणच त्याला बिघाड म्हणतो.

उपाय साधा आहे. ॲडमिन खात्यातून ते फोल्डर उघडा आणि 'कंटिन्यू' दाबा. फोल्डर मोठे असेल तर जुन्या मशीनवर बराच वेळ लागतो, मध्येच बंद करू नका. तरीही उघडले नाही तर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, ॲडव्हान्स्ड, तिथे 'ओनर'मध्ये आपले खाते द्या आणि आतल्या फोल्डरांनाही तोच मालक लावण्याच्या चौकटीत टिक करा. उघडले की आधी सगळे दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा, बाकी साफसफाई नंतर. डिस्क टकटक आवाज करत असेल तर तिच्यावर दुरुस्तीचे प्रयोग मुळीच नकोत.

माझा खरा राग आहे तो एका सल्ल्यावर: 'सी ड्राइव्हला एव्हरीवन फुल कंट्रोल देऊन टाका, कटकट मिटेल.' अहो, म्हणजे सातवीचा पोरगा आणि पेनड्राइव्हमधून आलेला व्हायरस, दोघांनाही सगळी दारे उघडी! परवानगी फक्त हव्या त्या फोल्डरची घ्या. विंडोजच्या स्वतःच्या फायलींना हात लावू नका. काही जण विंडोज ७ मधल्या 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज'शीही झगडत बसतात. ते फोल्डरच नाही हो! जुन्या प्रोग्रामांसाठी ठेवलेली ती वाट आहे, 'युजर्स'कडे नेणारी. तिथली पाटी खुशाल सोडून द्या.

एक गोष्ट मात्र गंभीर आहे. विंडोज ७ मध्ये फायलीचे नाव हिरव्या अक्षरांत दिसले तर ती कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट केलेली समजा. मालकी घेऊनही ती उघडत नाही, कारण किल्ली जुन्या खात्यात असते. किल्लीची वेगळी प्रत काढलेली नसेल, तर त्या जुन्या डिस्कवरच ती पडून आहे. आणि आपण तीच फॉरमॅट मारायला निघालो होतो.